विज्ञानव्रती रोझलिंड फ्रँकलिन

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्धापनदिनी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र यावे, असा प्रघात आहे. या पानांवर आजवर राण्या येऊन गेल्या, समाजसेविका आल्या, संत कवयित्रीही आल्या. यंदा हे काम मजकडे आले, तेव्हा एका शास्त्रज्ञ बाईची ओळख करून द्यावी असे मी ठरविले. मी शाळेत पुष्कळ वर्षे शास्त्र हा विषय शिकविला. आनुवंशिकतेचा धडा आला की फळ्यावर दोन नावे लिहावी लागत : वॉटसन आणि क्रिक. दोघेही पुरुष. तिसरे नाव लिहिण्याची सोय धड्यात नव्हती. ते नाव रोझलिंड फ्रँकलिन हिचे. अलीकडे ते पुष्कळांच्या कानावर आले आहे. पण बहुधा एका फोटोपुरते आणि एका अन्यायापुरते. तिच्या सदतीस वर्षांच्या आयुष्यात त्याहून कितीतरी अधिक होते. ते अधिक काय होते, हेच मला येथे सांगावयाचे आहे.

तिचे काम ध्यानात यावे म्हणून आधी थोडे शास्त्र सांगते. कंटाळू नका, आपल्या ओळखीच्याच वस्तूवरून सांगणार आहे. पूर्वी घरोघर दारावर मण्यांची तोरणे असत, ती पुष्कळ जणींनी हाताने ओवलेली असतील. तांबड्यानंतर पांढरा, पांढऱ्यानंतर हिरवा, असा मण्यांचा क्रम चुकला नाही तरच त्यातून मोर उमटतो. आपल्या शरीरातील प्रथिने अशीच ओवलेली असतात. केस, नखे, स्नायू, रक्ताला तांबडेपणा देणारे द्रव्य, अन्न पचविणारे रस, ही सारी मुख्यतः प्रथिनांची करणी. यांतले मणी म्हणजे अमिनो आम्ले. त्यांचे प्रकार फक्त २०. पण कोणत्या मण्यामागे कोणता मणी यावा, यावर त्या प्रथिनाचे सारे गुण अवलंबून असतात.

हा क्रम लिहिलेला असतो पेशीच्या केंद्रातल्या एका लांबच लांब धाग्यावर. त्याला डीएनए म्हणतात. ही जणू नमुन्यांची वही. वही मोलाची, म्हणून ती कपाटाबाहेर जात नाही. ज्या तोरणाचा नमुना हवा असेल, तेवढाच एका चिठ्ठीवर उतरवून घ्यावयाचा आणि चिठ्ठी घेऊन बाहेर ओटीवर ओवावयास बसावयाचे. पेशीतही हेच चालते. डीएनएच्या एका भागाची नक्कल आरएनए नावाच्या धाग्यावर उतरते, आणि ती चिठ्ठी केंद्राबाहेर रायबोसोम नावाच्या विणकऱ्याकडे जाते. या लिपीत अक्षरे चारच आहेत. विणकरी तीन तीन अक्षरे मिळून एक शब्द वाचतो आणि प्रत्येक शब्दाला एक मणी ओवतो. मणी आणून देणाऱ्या मदतनीस बायकांसारखे छोटे आरएनए भोवती उभेच असतात. चार अक्षरांपासून तीन अक्षरी शब्द ६४ होतात. त्यांपैकी ६१ शब्द मण्यांचे आणि ३ शब्द थांबण्याचे. सर पुरी झाली की ती आपल्या आपण घडी घालून घेते आणि प्रथिन कामाला लागते.

एक मणी चुकला तर काय होते? रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये १४६ मण्यांची एक सर असते. तिच्यातला सहावा मणी चुकीचा पडला, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आपल्या गडचिरोलीत, मेळघाटात आणि नंदुरबारच्या बाजूस ज्या सिकल सेल आजाराने कित्येक घरे गांजली आहेत, त्याचे मूळ या एका मण्यात आहे; आणि मणी चुकतो तो वहीतल्या एका अक्षरामुळे.

आज हे सारे शाळेतल्या मुली घडाघडा सांगतात. १९५० साली मात्र जगात कोणालाही यातले पुरते ठाऊक नव्हते. वही कशी बांधलेली आहे, चिठ्ठी असते का, असली तर कोठे असते, सारा अंधारच होता. त्या अंधारात ज्यांनी दिवा धरला, त्यांत रोझलिंड होती. विशेष हे की, तिने वहीवरही काम केले आणि चिठ्ठीवरही.

रोझलिंडचा जन्म लंडन येथे २५ जुलै १९२० रोजी एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. पाच भावंडांत ती दुसरी. वडील पेढीच्या धंद्यात होते. पण दिवसभराचे काम आटोपल्यावर ते कामगारांच्या महाविद्यालयात शिकवीत. जर्मनीत ज्यूंचा छळ सुरू झाला, तेव्हा या कुटुंबाने पळून आलेल्या निर्वासितांना मदत केली, मुलांना घरात आसरा दिला. परोपकार हा त्या घरात रोजच्या वागण्याचा भाग होता.

सेंट पॉल्स या मुलींच्या शाळेत तिला पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकावयास मिळाले. त्या काळी मुलींच्या सगळ्याच शाळांतून ही सोय नव्हती. पुढे १९३८ साली ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेली आणि १९४१ साली अखेरची परीक्षा उत्तम रीतीने उतरली. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. परीक्षा देण्याची मुलींना मुभा होती, पण त्यांना पुरुषांच्या बरोबरीची पूर्ण पदवी केंब्रिजने १९४८ सालापर्यंत दिली नाही. आपल्याकडे मुंबई विद्यापीठातून स्त्रिया त्याच्या कितीतरी आधीपासून पदवीधर होत होत्या, हे आठवले म्हणजे नवल वाटते.

दुसरे महायुद्ध पेटले होते. १९४२ पासून रोझलिंड कोळशावरील संशोधन करणाऱ्या एका संस्थेत काम करू लागली. हवाई हल्ल्यांच्या दिवसांत ती सायकलवरून कामावर जाई आणि मोकळ्या वेळी हल्ल्याच्या प्रसंगी लोकांना सावध करणारी स्वयंसेविका म्हणूनही राबे. दगडी कोळसा म्हणजे काय ते संशोधन, असे कोणाला वाटेल! पण कोळशात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात, आणि ती चाळणीसारखी लहान कणांना वाट देतात व मोठ्यांना अडवितात, हे तिने मोजून दाखविले. यावरच १९४५ साली तिला डॉक्टरेट मिळाली.

१९४७ च्या आरंभी ती पॅरिसला गेली. तिथली चार वर्षे तिच्या आयुष्यातील सर्वांत सुखाची. झाक मेरिंग यांच्या हाताखाली ती क्ष-किरणांनी पदार्थाची आतली बांधणी ओळखण्याची विद्या शिकली. क्ष-किरण पदार्थातून पार होताना विखुरतात आणि पलीकडच्या फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. ती नक्षी म्हणजे वस्तूचे सरळ चित्र नव्हे. तिच्यावरून गणित करीत करीत आतील अणूंच्या जागा हुडकावयाच्या असतात. काम कष्टाचे आणि चिकाटीचे. रोझलिंड त्यात निष्णात झाली. फ्रेंच भाषा, फ्रेंच स्वयंपाक, नीटनेटका पोशाख आणि डोंगर चढणे, या साऱ्यांची तिला आवड होती. प्रयोगशाळा सोडून दुसरे काही ठाऊक नसलेली रूक्ष बाई, असे जे तिचे चित्र पुढे रंगविले गेले, ते खरे नव्हे.

जानेवारी १९५१ मध्ये ती लंडनच्या किंग्ज कॉलेजात आली. तेथील प्रमुख रँडल यांनी पत्र पाठवून डीएनएवरचे क्ष-किरणांचे काम तिच्याकडे सोपविले होते. मॉरिस विल्किन्स हे शास्त्रज्ञ तेथे आधीपासून याच विषयावर काम करीत. त्यांची समजूत अशी की, ही बाई आपल्या मदतीला आली आहे. तिची समजूत अशी की, हे काम स्वतंत्रपणे आपले आहे. प्रमुखांनी दोघांना समोरासमोर बसवून खुलासा केला नाही, आणि पहिल्या दिवसांतच तेढ पडली. त्यातून रोझलिंडचा स्वभाव स्पष्टवक्ता. पटले नाही तर ती तोंडावर सांगे आणि वादात मागे हटत नसे. विल्किन्स अबोल व संकोची. शिवाय त्या कॉलेजात पुरुष अध्यापकांच्या बैठकीची एक खोली अशी होती की, तेथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. चहाच्या पेल्याबरोबर ज्या गोष्टी सहज मिटतात, त्या मिटावयाला जागाच राहिली नाही.

अशा वातावरणातही तिने काम केले ते किती नेटके! केसाहून बारीक असा डीएनएचा धागा ओढावयाचा, मीठ विरघळविलेल्या पाण्यातून हायड्रोजन वायू सोडून धाग्याभोवतीचा ओलावा हवा तितकाच राखावयाचा, आणि तासन् तास फिल्म उघडी ठेवावयाची. या कसोशीमुळे एक मोठी गोष्ट तिला उमगली. डीएनएची रूपे दोन आहेत. कोरडे असताना एक, ओलसर असताना दुसरे. पूर्वीच्या चित्रांत ही दोन्ही मिसळलेली असत, म्हणून ती अस्पष्ट दिसत. तिने ती वेगळी केली. धाग्याचा कणा बाहेरच्या अंगाला असून अक्षरे आतल्या अंगाला आहेत, हेही तिने ओळखले. १९५१ च्या अखेरीस केंब्रिजमध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची पहिली प्रतिकृती उभी केली, ती कणा आत घालून. रोझलिंडने ती पाहताक्षणीच तिच्यातला दोष दाखविला.

मे १९५२ मध्ये तिने आणि तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग याने ओलसर रूपाचा एक फोटो घेतला. त्यावर क्रमांक पडला ५१. ठिपक्यांची फुली त्यावर स्वच्छ उमटली होती, आणि अशी फुली म्हणजे नागमोडी जिन्यासारख्या पिळाची खूण. पुढे किंग्ज कॉलेज सोडण्याचे तिने ठरविले. गॉसलिंग विल्किन्सच्या देखरेखीखाली गेला आणि फोटोही विल्किन्सच्या हाती आला. जानेवारी १९५३ च्या अखेरीस विल्किन्सने तो वॉटसनला दाखविला. रोझलिंडला त्याविषयी विचारले गेले नाही. तिच्या मोजमापांचा समावेश असलेला किंग्ज कॉलेजचा एक अहवालही केंब्रिजच्या दोघांच्या वाचनात आला. त्यांतल्या एका मापावरून क्रिकने ताडले की, डीएनएच्या दोन सरी एकमेकींच्या उलट दिशांनी धावतात. महिनाभरात त्यांची प्रतिकृती तयार झाली. ती बिनचूक होती.

२५ एप्रिल १९५३ च्या नेचर या नियतकालिकात तीन लेख एकामागून एक छापले गेले : पहिला वॉटसन-क्रिक यांचा, दुसरा विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा, तिसरा रोझलिंड आणि गॉसलिंग यांचा. वाचणाऱ्याला वाटावे की तिसरा लेख पहिल्याला दुजोरा देण्यासाठी आला आहे. खरे पाहता पहिला ज्या पायावर उभा होता, त्याचा मोठा भाग तिसऱ्यात होता. फेब्रुवारी १९५३ मधील तिच्या वह्या पुढे अभ्यासकांनी तपासल्या. डीएनएच्या दोन्ही रूपांत दोन सरींचा पीळ आहे, येथवर ती आपल्या वाटेने पोहोचली होती. आतल्या अक्षरांची जोडी कशी जुळते, ही शेवटची पायरी तेवढी राहिली होती.

येथे मला न्यायाने बोलले पाहिजे. तिचे श्रेय तिला वेळेवर मिळाले नाही, हे खरेच. वॉटसनने १९६८ साली आपल्या पुस्तकात तिच्या पोशाखाची व स्वभावाची टिंगल केली, तेव्हा उत्तर द्यावयाला ती हयात नव्हती. ते उत्तर तिची मैत्रीण ॲन सेअर हिने १९७५ साली चरित्र लिहून दिले. पण तिला केवळ नाडलेली अबला मानणे हाही तिच्यावर अन्यायच होय. २०२३ साली मॅथ्यू कॉब आणि नॅथॅनिएल कम्फर्ट या अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे पाहून दाखविले की, डीएनएच्या शोधात चौघेजण बरोबरीचे होते आणि रोझलिंड त्या चौघांतली एक होती. नुसता फोटो काढणारी ती नव्हती. फोटो काय सांगतो हे समजणारी होती. तिने कोणावर आकस धरल्याचेही दिसत नाही. क्रिक पतिपत्नीशी तर पुढे तिची चांगली मैत्री जमली.

आता तिच्या आयुष्याच्या त्या भागाकडे येते, जो सहसा कोणी सांगत नाही. मार्च १९५३ मध्ये ती लंडनच्याच बर्कबेक कॉलेजात बर्नाल यांच्याकडे गेली. तेथे तिने तंबाखूच्या पानांवर रोग पाडणारा एक विषाणू हाती घेतला. १९५४ मध्ये ॲरन क्लुग हा तरुण शास्त्रज्ञ तिला येऊन मिळाला. हा विषाणू म्हणजे एक काडी, मिलिमीटरच्या सुमारे ३,३०० व्या भागाएवढी लांब. तिच्यात डीएनए नसतो, आरएनए असतो. आपल्या तोरणाच्या भाषेत सांगावयाचे तर, कपाटातली वही नाहीच, नुसती चिठ्ठी आणि तिच्याभोवती प्रथिनांचे आवरण.

ही चिठ्ठी असते कोठे? काडी आतून पोकळ आहे. चिठ्ठी त्या पोकळीत असेल, असे कोणालाही वाटावे. रोझलिंडने क्ष-किरणांनी दाखविले की तसे नाही. प्रथिनाचे सुमारे २,१०० सारखे तुकडे जिन्याच्या पायऱ्यांसारखे फिरत फिरत रचलेले असतात, आणि आरएनएचा धागा त्यांच्या आत दडून त्याच पिळाने फिरत असतो. परकराच्या नेफ्यात नाडी असते ना, अगदी तसा. म्हणून तो सुरक्षित राहतो. त्याच सुमारास, १९५६-५७ मध्ये, जर्मनीत आणि अमेरिकेत दुसऱ्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले की, नुसता आरएनए पानाला लावला तरी रोग होतो, आणि एका जातीच्या विषाणूचा आरएनए दुसऱ्या जातीच्या आवरणात घातला तरी पुढची प्रजा आरएनए सांगेल तसलेच आवरण विणते. म्हणजे प्रथिन कसे ओवावयाचे ही आज्ञा आरएनएजवळ असते! या शास्त्रज्ञांशी रोझलिंडचा पत्रव्यवहार व देवघेव होती. ती आज्ञा ठेवलेली जागा नेमकी दाखविण्याचे काम तिचे.

हे सर्व करताना तिला पैशाची चणचण सोसावी लागली. इंग्लंडमधील अनुदान पुढे मिळेना, तेव्हा १९५७ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने तिला हात दिला. पण त्याआधीच दुसरे संकट आले होते. १९५६ च्या उन्हाळ्यात ती अमेरिकेत व्याख्याने देत फिरत असता पोट फुगल्यामुळे तिचा झगा कमरेला बसेनासा झाला. परत आल्यावर तपासणी झाली. बीजकोशाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली. विश्रांतीचे काही दिवस तिने क्रिक यांच्या घरी काढले आणि पुन्हा प्रयोगशाळेत आली. नंतरच्या दीड वर्षात तिने व तिच्या गटाने एकामागून एक लेख लिहिले आणि लहान मुलांना पांगळे करणाऱ्या पोलिओच्या विषाणूचे कामही सुरू केले.

ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनासाठी तिच्याकडे विषाणूची प्रतिकृती मागितली होती. टेबल टेनिसचे चेंडू, सायकलच्या मुठींची प्लास्टिकची वेष्टने, असल्या साध्या वस्तूंतून सुमारे ५ फूट उंचीची काडी तिने घडविली. १६ एप्रिल १९५८ रोजी लंडन येथे तिचे निधन झाले. प्रदर्शन उघडले ते दुसऱ्या दिवशी, १७ एप्रिलला. जगभरच्या लोकांनी तिचे काम पाहिले. तिने मात्र ते तेथे मांडलेले पाहिले नाही. मृत्युपत्रात तिने क्लुगसाठी ३,००० पौंड आणि आपली मोटार ठेवली होती. क्लुगला मुलेबाळे होती आणि मिळकत बेताची.

तिच्या मागे काय झाले? १९६१ साली चिठ्ठीरूपी आरएनएचा शोध पक्का झाला. त्याच साली अमेरिकेत नीरेनबर्ग आणि माथाय यांनी तीन अक्षरी लिपीतला पहिला शब्द वाचला. तो प्रयोग यशस्वी झाला त्या वेळी नीरेनबर्ग कॅलिफोर्नियात होता, आणि तेथे त्याच तंबाखूच्या विषाणूच्या आरएनएवर प्रयोग करीत होता. पुढे सारी लिपी उलगडण्यात पंजाबातल्या रायपूर या खेड्यात जन्मलेल्या हरगोविंद खुराणा यांचा मोठा वाटा होता. १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना, नीरेनबर्गला आणि हॉली यांना मिळाले. डीएनएसाठीचे पारितोषिक १९६२ साली वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळाले होते. १९८२ चे रसायनशास्त्राचे क्लुगला मिळाले. आपल्या भाषणात त्याने रोझलिंडचे ऋण आदराने सांगितले. मंगळावर पाठवावयाच्या एका गाडीला युरोपच्या अवकाश संस्थेने २०१९ साली तिचे नाव दिले.

पण या मानापेक्षा मला एक जवळची गोष्ट मोठी वाटते. २०२१ साली आपल्यापैकी बहुतेकींनी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोविशील्ड लस दंडावर टोचून घेतली. त्या लशीत करोनाच्या काट्यासारख्या प्रथिनाचा फक्त नमुना होता, डीएनएवर लिहिलेला. आपल्याच पेशींनी तो वाचला, चिठ्ठी उतरविली, मणी ओवले, आणि शरीराने शत्रूची खूण ओळखून ठेवली. जी क्रिया समजून घेण्यासाठी रोझलिंडने आपली शेवटची वर्षे वेचली, ती आपल्या दंडात घडून गेली आहे.

आणखी एक सांगते, आणि ते मैत्रिणीच्या नात्याने. पोट सतत फुगणे, थोडे खाताच भरल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखत राहणे, ही लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली तर वयाचे दुखणे म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. डीएनएला पडलेल्या चिरा सांधणारी प्रथिने ज्यांच्या नमुन्यावरून विणली जातात, ती दोन जनुके १९९४ व १९९५ साली ओळखली गेली. ज्या घरात आई, मावशी, बहीण यांना स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल, तेथील स्त्रियांनी या जनुकांच्या तपासणीविषयी डॉक्टरांशी अवश्य बोलावे. रोझलिंडच्या काळी ही सोय नव्हती. ती आज आहे, याला कारण तिच्यासारख्यांचे कष्ट.

तिने आपले काम चोख केले, पुरावा असेल तेवढेच सांगितले आणि जे केले ते दुसऱ्यांच्या उपयोगी पडेल असे नीट लिहून ठेवले. आपल्या मुलींना आणि नातींना हे नाव अवश्य सांगा. वॉटसन आणि क्रिक यांच्या शेजारीच सांगा. आणि ते सांगताना फोटोबरोबर त्या तंबाखूच्या विषाणूचीही आठवण ठेवा.